छत्री विसरलेला पाहुणा

मी एक जुनी सुरावट आहे. वयानं शंभरी केव्हाच ओलांडली, पण लांबी विचाराल तर जेमतेम पावणेदोन मिनिटं. मंद आचेवरचं दूध उतू जायलाही माझ्याहून जास्त वेळ लागतो. मित्रांनो, एवढ्याशा जिवाची कहाणी ती काय असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण माणसांनी माझ्यासाठी जे जे केलं ते आठवलं, की आजही मी थक्क होते.

माझा जन्म पॅरिसमधला, १९०९ सालच्या जुलै महिन्यातला. तिथल्या एका मोठ्या संगीतशाळेत दर जुलैला परीक्षा व्हायची. क्लॅरिनेट शिकणाऱ्यांना आधी वर्षभर घोटलेली एक रचना वाजवावी लागे. मग त्यांच्यासमोर एक नवा कोरा कागद ठेवत. त्यावरची रचना कुणी कधी पाहिलेली नाही, कुणी कधी ऐकलेली नाही, अशी. ती बघताक्षणी वाजवून दाखवायची. त्यासाठी दरवर्षी एखाद्या संगीतकाराकडून छोटीशी रचना मुद्दाम लिहून घेत. परीक्षा संपली की तिचं काम संपलं, कारण एकदा सगळ्यांच्या कानांवरून गेलेली रचना पुढच्या वर्षी कशी चालेल? म्हणजे आमच्या जातीचं आयुष्य एका दुपारचं.

त्या वर्षी हे काम बाझील मोरेल या संगीतकारांनी आनंदानं कबूल केलं, आणि ते पार विसरून गेले. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी शाळेचा कारकून त्यांच्या दारात उभा राहिला.

"साहेब, रचना?"

"कसली रचना?"

कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं. "उद्याची, साहेब! अकरा जण बसताहेत उद्या!"

"अरे देवा! दुपारी या. दुपारी तयार असेल."

कारकून कमरेत वाकून नमस्कार करून गेला. साहेब कागद पुढे ओढताहेत तोच तो परत आला. टोपी राहिली होती. पुन्हा वाकला, पुन्हा गेला. आणि पुन्हा आला. आता छत्री राहिली होती. तिसऱ्यांदा दार वाजलं तेव्हा साहेबांनी कपाळाला हात लावला.

"आता काय राहिलं, बाबा?"

"तसं काही नाही, साहेब. मघाशी घाईत तुमच्या मांजरीशी बोललोच नाही. ती माझ्याकडे बघत होती हो. बरं नाही दिसत ते."

त्यानं मांजरीच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला काहीतरी सांगितलं आणि तो एकदाचा गेला. साहेब खो खो हसत सुटले. हसता हसताच त्यांनी लेखणी उचलली आणि चाळीस मिनिटांत मी तयार झाले. माझ्यातले सूर एखाद्या पाहुण्यासारखे ऐटीत निघतात, दाराशी जातात, वाकून निरोप घेतात. आता संपलं असं वाटून सगळं शांत होतं, आणि तेवढ्यात ते लगबगीनं माघारी येतात. असं तीनदा होतं. शेवटी दार हळूच लोटावं तसा एकच बारीक सूर, की झालं. साहेबांनी सुरांच्या वर इवल्या अक्षरांत लिहूनही ठेवलं, 'टोपी राहिली', 'छत्री राहिली', 'मांजरीशी बोलायचं राहिलं'. उगाच, आपली गंमत म्हणून.

साहेबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यातून मला सोडवलं मादाम ऑर्तांस यांनी. शाळेसाठी चाळीस वर्षं त्या सुरांच्या प्रती काढत होत्या. माझी बातमी बाहेर फुटू नये म्हणून त्यांना एका खोलीत बसवून बाहेरून कुलूप घातलं. सोबत पाव, लोणी आणि मीठ लावून खायला मुळ्याची जुडी. त्यांच्याकडे पाच दातांची एक लेखणी होती. ती एकदा फिरवली की कागदावर पाच सरळ रेघा उमटत. मग त्या रेघांवर त्या माझा एकेक ठिपका बसवू लागल्या. पाठ दुखत होती, तरी एकही ठिपका तिरका गेला नाही. मला अजून कुणी ऐकलं नव्हतं, मला कुणी ओळखत नव्हतं, आणि ही बाई माझ्यासाठी एवढी मान मोडून बसली होती.

मादामचा एक नेम होता. क्लॅरिनेटला दोन्ही हात लागतात, म्हणून वाजवणाऱ्याला जिथं विसावा असेल तिथंच पान संपवायचं, म्हणजे त्याला उलटायला सवड मिळते. माझ्यातला पहिला विसावा म्हणजे पाहुण्याचा पहिला निरोप. त्यांनी तो बरोबर पहिल्या पानाच्या तळाशी आणून बसवला. हेतू चांगला होता. पण तळाशी निरोप आणि पुढे कोरी जागा, हे बघून वाचणाऱ्याला काय वाटेल, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी कारकुनानं कुलूप काढलं. "झालं का, बाई?"

"झालंय. पण यात मेली एक टोपी आहे, एक छत्री आहे अन् एक मांजर आहे. ठेवू का गाळू?"

"साहेबांचं काही गाळायचं नाही," कारकून गंभीरपणे म्हणाला. "मोठी माणसं. काहीतरी खोल अर्थ असेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला शाळेच्या नाट्यगृहात नेलं. उकाडा मी म्हणत होता. मंचासमोर नऊ परीक्षक, त्यांत मोरेलसाहेबही. मागे पंखे हलवणाऱ्या बायका, कागदाच्या पुड्यांतून चेरी खाणारी माणसं, परीक्षेला बसलेल्यांचे आईबाप. परीक्षेला बसलेले अकरा जण मात्र वरच्या मजल्यावर, बंद खोलीत. एकेकालाच खाली बोलवायचं, म्हणजे दुसऱ्याच्या कानांवर माझा एक सूरही पडायला नको.

पहिला आला. माझ्याकडे नुसतं बघायला त्याला मनात वीस मोजण्याइतका वेळ होता, आणि पान उलटायची बंदी होती. मग त्यानं श्वास घेतला.

मित्रांनो, ते कसं सांगू? कागदावर मी नुसते काळे ठिपके होते. मला वाटायचं, मी तेवढीच आहे. आणि एका अनोळखी मुलानं त्या ठिपक्यांकडे पाहिलं, वेताच्या एवढ्याशा पत्तीतून फुंकर घातली, आणि मी हवेत होते! छतापर्यंत होते! ज्यानं मला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, त्यानं मला अख्खीच्या अख्खी उभी केली. माणसांना हे कसं जमतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्यानं पहिल्या पानाच्या तळाशी क्लॅरिनेट खाली घेतलं आणि परीक्षकांना वाकून नमस्कार केला. त्याला वाटलं, घोडं गंगेत न्हालं. अध्यक्ष खाकरले. "महाशय, मागे अजून एक पान आहे." सहाव्यानंही तेच केलं. आठवा टोपी, छत्री, मांजर सगळं मागे टाकून गाडी पकडायची असल्यासारखा धावला. पाचव्या वेळेपर्यंत मी प्रेक्षकांना पाठ झाले होते. एक जाडजूड बाई चेरी खाता खाता मला गुणगुणू लागल्या, तेव्हा पहारेकऱ्यानं त्यांना दटावलं. अख्ख्या नाट्यगृहाला मी ठाऊक, फक्त वाजवणाऱ्यालाच नाही. गंमत होती ती.

पण हसलं कुणीच नाही. मुलांची नजर ठिपक्यांवरून हलत नव्हती. वरची इवली अक्षरं दहा जणांतल्या एकानंही वाचली नाहीत.

अकरावा ओनेझीम लकेन. वीस वर्षांचा, हाडापेरानं मोठा, कोटाच्या बाह्या आखूड झालेल्या. नॉर्मंडीतल्या लाहूसे गावचा. त्या गावात घरटी कुणी ना कुणी क्लॅरिनेट घडवतं. कुणी लाकूड कोरतं, कुणी भोकं पाडतं, कुणी चाव्या बसवतं. गावानं पॅरिसला गाड्या भरभरून वाद्यं पाठवली, पण पॅरिसहून बक्षीस घेऊन कुणी परत आला नव्हता. ओनेझीम पाच वर्षं इथं शिकत होता, आणि मागच्या दोन परीक्षांतून हात हलवत परतला होता. शाळेच्या नियमानं ही शेवटची संधी. ल्यों शहराच्या नाट्यगृहातल्या वाद्यवृंदानं निरोप धाडला होता, पहिलं बक्षीस आण, खुर्ची तुझी. नाहीतर गाव आणि कानस.

हे सगळं मला कळलं, कारण त्यानं माझ्यावर नजर टाकली तेव्हा त्याच्या मनात एवढंच होतं. बाकी काही नव्हतं. वीस मोजून झाले. त्यानं वाजवायला घेतलं.

काय वाजवलं त्यानं! पाहुणा निघाला तो खरोखरचा पाहुणा. कोट झटकत, गळ्याची पट्टी नीट करत. दाराशी गेला, वाकला. ओनेझीमचा हात पुढे आला आणि पान उलटलं. तिथं वर त्याला इवली अक्षरं दिसली, 'टोपी राहिली'. त्याच्या भुवया उंचावल्या. तो पाहुण्याला परत घेऊन आला, टोपी चढवून दिली, पुन्हा दाराशी नेलं. पुन्हा निरोप. पुढच्या ओळीवर लिहिलं होतं, 'छत्री राहिली'.

त्याला हसू फुटलं.

तोंडात वाद्य असताना हसता येत नाही, मित्रांनो. ओठ सैल पडले की पत्ती वाऱ्यावर जाते. क्लॅरिनेट असं किंचाळलं, की चेरी खाणाऱ्या बाईंच्या हातून पुडी पडली. परीक्षकांच्या नऊ पेन्सिली उभ्या राहिल्या. माझा तर जीवच गेला. मी त्याला बुडवलं होतं. माझ्यातल्या एका मूर्ख छत्रीनं त्या मुलाची पाच वर्षं पाण्यात घातली होती.

दुसरा कुणी असता तर तिथंच थांबला असता. ओनेझीम थांबला नाही. डोळ्यांत पाणी, ते हसण्याचं की कशाचं कोण जाणे. त्यानं पत्ती ओठात धरली, छत्री आणून दिली, मांजरीचाही निरोप घेतला, इतका मायेनं, की मोरेलसाहेबांनी तोंडाला रुमाल लावला. आणि शेवटचं दार त्यानं हळूच लोटलं. नाट्यगृहात पंखासुद्धा हलत नव्हता.

पण किंचाळणं ते किंचाळणं. निकाल लागला. पहिलं बक्षीस चौथ्याला, दुसरं नवव्याला. ओनेझीमच्या नावापुढे नऊतला एकच हात वर झाला होता, मोरेलसाहेबांचा. बाहेर त्याच्या मास्तरांनी त्याला गाठलं.

"गाढवा! हसायला पाच वर्षं होती तुला! आजच मुहूर्त सापडला?"

"चुकलो, मास्तर."

मास्तरांनी मघाशी माझा कागद मागून वाचला होता. ते हळूच म्हणाले, "छत्रीपाशी ना?"

"हो, मास्तर."

मास्तरांनी मिशी चावली आणि ते पाठ फिरवून निघून गेले.

माझा कागद फडक्यात बांधून, वर आकडा घालून, कपाटात गेला. मला वाटलं, संपलं. आमचं आयुष्य एका दुपारचं, ते मी जगले. पण मी काही नुसता कागद नव्हते. दुसऱ्या दिवशी मला कळलं, की मी आगगाडीत बसले आहे. ओनेझीमच्या डोक्यात. एकदाच वाजवून त्यानं मला अख्खी उचलून घेतली होती. तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर तो खिडकीबाहेर बघत होता, आणि नको नको म्हणत असताना मी त्याच्या डोक्यात फिरत होते.

लाहूसेच्या स्थानकावर गाडी थांबली आणि बाहेर ढोल वाजला. गावचं बँडपथक फलाटावर उभं होतं. रंधा, कानस ठेवून आलेली माणसं, कोणाच्या मिशीत लाकडाचा भुसा, कोणाच्या बोटांना तेल. निकाल त्यांना कोणी कळवलाच नव्हता. आपलं पोर पाचव्या वर्षी रिकाम्या हातानं येईल, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ओनेझीमनं हात वर केला तर त्यांना वाटलं तो आनंदानं हात हलवतोय. ते आणखी जोरात वाजवू लागले. त्याचा चेहरा दिसला तसा एकेक जण वाजवायचा थांबत गेला. शेवटी ढोल तेवढा वाजत राहिला, मग तोही थांबला.

ओनेझीमचा बाप ओदिलाँ पुढे आला. चाव्या घडवणारा हा माणूस. गावात कुणी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. हसण्यानं हात हलतो, असं तो म्हणायचा.

"पहिलं?"

"नाही, बाबा."

"दुसरं तरी?"

"काहीच नाही."

ओदिलाँनं पोराच्या हातातल्या पेटीकडे पाहिलं. "चावी अडकली का?"

त्या वाद्याची एकूण एक चावी त्यानं स्वतः घडवली होती, दोन हिवाळे खपून. पोराला आपल्याच हातानं बुडवलं की काय, हे त्याला विचारायचं होतं.

"नाही, बाबा. चाव्या लोण्यासारख्या चालल्या. मीच हसलो."

"हसलास? परीक्षेत?"

"हो."

"कशाला?"

"एका छत्रीला."

"पोराला ऊन लागलंय," ढोलवाला म्हणाला. "पाणी द्या कुणीतरी."

"गप रे, रेमी," ओदिलाँ म्हणाला. मग मुलाकडे वळून, "काढ वाद्य. दाखव कशाला हसलास ते."

ओनेझीमनं पेटीतून तुकडे काढले, जोडले, पत्ती ओली केली. कागद नव्हता. तो आधी म्हणाला, "हा एक पाहुणा आहे. आता निघालाय." आणि वाजवू लागला. पाहुणा निघाला, वाकला, शांत झालं. कुणीतरी टाळी वाजवणार तोच ओनेझीम म्हणाला, "टोपी राहिली." आणि मी लगबगीनं परत आले. पथकात खसखस पिकली. "आमचा जावई!" मागून एक म्हातारा ओरडला. "अगदी असाच निघतो मेला!" पुन्हा निरोप झाला. ओनेझीम म्हणाला, "छत्री राहिली." आणि या वेळी त्यानं क्लॅरिनेटला जाणूनबुजून किंचाळायला लावलं, बरोबर त्याच जागी, जिथं आदल्या दिवशी सगळं बुडालं होतं.

आधी ढोलवाला रेमी फुटला. मग सगळा फलाट. आणि ओदिलाँ, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, वाकून, आवाज न करता हसत होता. खांदे गदागदा हलत होते. मांजरीच्या निरोपापर्यंत त्याच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. मला आठवतं, त्या क्षणी मला स्वतःचीच भीती वाटली. चाळीस मिनिटांत लिहिलेली एवढीशी मी, आणि एवढ्या मोठ्या माणसाला मी वाकवलं होतं.

ओदिलाँनं बाहीनं तोंड पुसलं. "हे दहा जणांनी न हसता वाजवलं?"

"दहा जणांनी."

"मग बक्षीस त्यांनाच द्यायला हवं होतं," तो म्हणाला. "एवढा दगड होणं सोपं नाही रे बाबा!" आणि त्यानं पोराची पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

ओनेझीमला दुःख झालं नाही, असं मी म्हणणार नाही. ल्योंची खुर्ची गेली ती गेलीच. पुढची दोन-तीन वर्षं जुलै आला, की तो जेवताना गप्प बसायचा. पण गावानं त्याला कानस धरू दिली नाही. घडून तयार झालेलं प्रत्येक वाद्य गाव सोडण्याआधी कुणीतरी वाजवून पारखायचं असतं. ते काम त्यांनी त्याला दिलं. आणि तो प्रत्येक वाद्यावर मला वाजवायचा, त्या किंचाळण्यासकट. किंचाळतानाही तो उंच सूर खणखणीत निघाला, म्हणजे वाद्याची भोकं बरोबर पडली, हे त्याला पुढे कळत गेलं. माणसं पेट्या घेऊन दारात उभी राहायची.

"हसलं का, ओनेझीमदादा?"

"हसलं. बांधा."

चौतीस वर्षं हे चाललं. तिथून निघालेली क्लॅरिनेटं कुठं कुठं गेली, मला सांगता येणार नाही. पलटणींत गेली, सर्कशींत गेली, समुद्रापार गेली. पण त्यांतल्या प्रत्येकानं आयुष्यातला पहिला श्वास घेतला तो माझा. मोरेलसाहेबांना हे कधी कळलं नाही. ज्याच्या विसरण्यातून मी जन्मले त्या कारकुनालाही नाही.

माझा कागद अजून त्या कपाटात आहे. कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि एका कोपऱ्यावर कसरीनं ताव मारला आहे. ओनेझीम गेला, ती कार्यशाळाही बंद झाली. आता मी फारशी कुणाच्या कानांवर पडत नाही. मित्रांनो, जुने कागद जपा, हे तर मी सांगेनच. कुणीतरी मान मोडून ते लिहिलेले असतात. पण एवढंच सांगायला मी आले नाही. कुणी एखादी गोष्ट आयुष्यात पहिल्यांदाच करत असेल, गाणं म्हणत असेल, अक्षर गिरवत असेल, तेव्हा चूक शोधायला पेन्सिल उचलू नका. जरा गप्प बसून त्याच्याकडे बघा. मी त्या दुपारी अकरा जणांना तसं पाहिलं, आणि त्याहून सुंदर काही मी आजवर पाहिलेलं नाही.